चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) केमो पुढे ढकलू का? केस गळण्याबद्दलची प्रश्नोत्तरे

कॅन्सरची केमो सुरू होणार म्हटलं की घरचे दोन गोष्टी विचारतात, खर्च किती आणि केस जाणार का. यातल्या दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे येण्याआधीच शेजारीण, पार्लरवाली आणि व्हॉट्सॲप यांनी देऊन टाकलेलं असतं. तेच तेच गैरसमज पुन्हा पुन्हा येतायत म्हणून इथे एकत्र उत्तरं देतेय. नावं काढली आहेत.

केमोत सगळ्यांचेच केस जातात का? (म्हापसा)

नाही, ते औषधावर आहे. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, सायक्लोफॉस्फमाइड यांत बहुतेकांचे जातात. कॅपेसिटॅबिनच्या गोळ्यांत झालेच तर विरळ होतात. भराभर वाढणाऱ्या पेशींवर केमोचा मारा असतो आणि केसांच्या मुळातल्या पेशी तशाच असतात, त्यात डोक्यावरचे ९० टक्क्यांच्या आसपास केस एका वेळी वाढत असतात, म्हणून ते असे पुंजक्याने येतात, साधारण पहिल्या डोसनंतर २-३ आठवड्यांनी. तुमच्या औषधांची नावं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याच वेळी केसांचं विचारा.

मिस्टरांच्या केमोच्या दोन सायकल (फेऱ्या) झाल्या, केस गेलेच नाहीत. औषध लागू पडत नाही असं गावात म्हणतात. (काणकोण)

गावाला स्कॅन दिसत नाही. केस गळण्याचा आणि गाठ कमी होण्याचा काही संबंध नाही.

छातीला रेडिएशन आहे, डोक्यावरचे केस जातील? (साखळी)

नाही. किरण जिथे पडतात तिथलेच जातात. डोक्यालाच रेडिएशन असेल तर मात्र गोष्ट वेगळी, डोस जास्त असेल तर काही जागी केस कायमचे विरळ राहू शकतात, ते रेडिएशनच्या डॉक्टरांना सुरू होण्याआधी विचारा.

आई ५४ वर्षांची, स्तनाचं ऑपरेशन झालं, जखम भरलीय. केमो लगेच सुरू करायला सांगितलंय पण ती म्हणते चवथ होऊं दे, सगळे घरी जमतात, बोडक्या डोक्याने त्यांच्यात कशी बसू. तोवर ओळखीच्या एका बाईकडचं तेल, काढा आणि बायोटिनच्या (व्हिटॅमिनच्या) गोळ्या सुरू केल्यात. केस आधी मजबूत केले तर कमी गळतात ना? (डिचोली)

नाही गळत कमी. आणि तुमच्या पत्रात मला केसांपेक्षा "चवथ होऊं दे" याची काळजी वाटते.

ऑपरेशनमध्ये दिसणारी गाठ काढली. केमो देतात ती न दिसणाऱ्या पेशींसाठी, ज्या कदाचित आधीच रक्तातून कुठेतरी जाऊन बसल्या असतील, आणि त्या पेशी चवथ, दसरा, दिवाळी काही बघत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर केमोला ९० दिवसांहून जास्त उशीर झालेल्यांचा निकाल वाईट आलाय, हे मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे. आता ९० दिवस आहेत म्हणून ८९ पर्यंत थांबू असा त्याचा अर्थ कुणी काढू नका, जखम भरली की सुरू करायची. आईला तारखेची अडचण असेल तर ती तिच्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, चार दिवस इकडे तिकडे करता येतात का ते तेच बघतील, पण घरी बसून ठरवू नका. आणि केस तर चवथीनंतर केमो घेतली तरी जायचेच आहेत, मग थांबून मिळालं काय?

आता तेल. केमो रक्तातून मुळाशी पोचते, वरून लावलेलं तेल तिला अडवू शकत नाही, मग ते कांद्याचं असो नाहीतर कुणाच्या आजीच्या नावाचं. साधं खोबरेल हलक्या हाताने लावायला माझी ना नाही, टाळू कोरडी होते, बरं वाटतं. काढा मात्र आजच बंद करा. त्यात काय घातलंय हे बाटलीवर लिहिलेलं नसतं, काही जडीबुटींनी लिव्हरवर ताण येतो, रिपोर्ट बिघडतो आणि मग पुढचा डोस त्यामुळे थांबतो, असं होतं आणि तेव्हा पेशंट म्हणतो मी तर नैसर्गिकच घेत होतो. बायोटिनने केमोतले केस वाचतात याला पुरावा नाही. उलट जास्त डोसचं बायोटिन थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे दाखवू शकतं, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तशी सूचनाच काढली होती. घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा.

"केमोतही केस वाचवा, गॅरंटी" अशा जाहिराती मला दर आठवड्याला कुणीतरी पाठवतं. घाबरलेल्या माणसाला पॅकेज विकणं यासारखी वाईट गोष्ट नाही. केमो चालू असताना डोक्यात पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सची) इंजेक्शनं घ्यायला सांगणारेही आहेत, तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना न विचारता त्या खुर्चीत बसू नका.

आईचं दुःख खरं आहे, ते "केसच तर आहेत" म्हणून उडवू नका. वर्षानुवर्षं चवथीला अंबाड्यावर अबोलीची फाती माळणाऱ्या बाईला आरशात वेगळं कुणी दिसणार आहे. तिला सोबत घेऊन आधीच स्कार्फ आणा, विग हवा तर केस असतानाच रंग जुळवून घ्या, आणि येणाऱ्या पाहुण्यांना फोनवर तुम्हीच सांगून ठेवा म्हणजे दारात प्रश्न नकोत. केमोनंतर एक ते तीन महिन्यांत बहुतेकांचे केस परत येऊ लागतात. याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.

केस गळण्याआधी काढून टाकावेत का? सासूबाई म्हणतात सवाष्णीने केस उतरवायचे नसतात. (फोंडा)

हे तुम्ही ठरवायचं, सासूबाईंनी नाही. उशीवर, जेवणात, बाथरूमच्या जाळीत रोज केस बघण्यापेक्षा आधी बारीक केलेले अनेकींना सोपे जातात, कुणाला नाही. फक्त वस्तरा नको, ट्रिमर वापरा. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, छोटी कापलेली जागाही पिकते. आणि केमोच्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर पॅरासिटामोल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्र असो की रविवार, हॉस्पिटल गाठायचं.

थंड टोपी घातली की केस वाचतात असं ऐकलं. घरी बर्फ लावून चालेल? (पर्वरी)

बर्फ अजिबात नको, टाळू गोठून जखम होते.

टोपीचं ऐकलेलं अर्धं बरोबर आहे. डोस सुरू व्हायच्या आधीपासून, डोस चालू असताना आणि संपल्यावरही बराच वेळ मशीनने टाळू थंड ठेवतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि औषध मुळाशी कमी पोचतं. स्तनाच्या कॅन्सरच्या चाचण्यांत निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त बायकांचे केस बऱ्यापैकी टिकले, पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांत फायदा जास्त, लाल औषधात कमी. डोकं दुखतं, थंडी वाजते. ब्लड कॅन्सरमध्ये वापरत नाहीत. सगळीकडे मशीन नसतं, तुमच्या केमो युनिटला विचारा, आणि नसेल तर ते शोधण्यात डोसची तारीख घालवू नका.

विग गरम होतो, घाम येतो. (वास्को)

आपल्या हवेत होणारच. आत सुती टोपी घाला, घरी विग काढून ठेवा, बाहेर उन्हात टाळूला सनस्क्रीन किंवा टोपी. सिंथेटिक विग घालून चुलीशी किंवा ओव्हनशी वाकू नका, गरम वाफेने त्याचे केस आकसतात. टाळूवर पुरळ आलं तर दाखवा.

भुवया आणि पापण्याही जातात का? (मडगाव)

जाऊ शकतात, बऱ्याचदा डोक्यानंतर. बाहेर चष्मा लावा. काजळ, पेन्सिल नवी आणि फक्त स्वतःची. डोळे लाल झाले तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

केमो संपली, नवे केस कुरळे आणि पांढरे येतायत. मेंदी, डाय कधी? (पेडणे)

कुरळे येणं नेहमीचं आहे, पुष्कळांचे हळूहळू पूर्वीसारखे होतात. डाय, स्ट्रेटनिंग, एक्स्टेन्शन यांना निदान सहा महिने थांबा. "काळी मेंदी" म्हणून मिळते तिच्यात बऱ्याचदा डायचंच केमिकल असतं, ती नको. साधी मेंदीसुद्धा आधी कानामागे लावून बघा.

केमो संपून आठ महिने झाले, मधे भांगात अजून विरळच. लेट्रोझोल चालू आहे, ती बंद केली तर येतील? (डिचोली)

स्वतःहून बंद करायची नाही. लेट्रोझोल, टॅमॉक्सिफेनने केस थोडे विरळ होतात हे खरं आहे, पण त्या गोळ्या कॅन्सर परत येऊ नये म्हणून आहेत. सहा महिन्यांनंतरही केस नीट येत नसतील तर ते बघायलाच हवं, डोसेटॅक्सेलनंतर काहींना असं राहतं, थायरॉइड किंवा आयर्न कमी असेल तरी होतं. कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं औषध) सुरू करायचं की नाही ते तिथे ठरेल. मेडिकलमधून आणून लावू नका, आणि जाताना गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, दुसऱ्याने दिलेली असतील तीसुद्धा.