दोन मोटरची हॅरियर ईव्ही: घाट नव्हे, शेतरस्ता बघून ठरवा

तुमचा प्रश्न असा: टाटाची विजेवर चालणारी हॅरियर ईव्ही घ्यायची ठरली आहे, राहणं साताऱ्यात, शेत कोरेगावकडे, तर 75 युनिटच्या (किलोवॉट-तास) बॅटरीची, मागच्या चाकांवर चालणारी घ्यावी की दीड लाख जास्त घालून क्यूडब्ल्यूडी, म्हणजे पुढे एक आणि मागे एक मोटर असलेली, चारही चाकांवर चालणारी, आणि ट्रायलला नेमकं काय बघावं. मी क्यूडब्ल्यूडीच वापरतो, आणि माझंही जाणं-येणं याच रस्त्यांवर असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घाटासाठी म्हणून दीड लाख घालू नका. यवतेश्वर, पसरणी, खंबाटकी, कुठलाही डांबरी घाट मागची एकटी मोटर आरामात चढते, 238 पीएसची (अश्वशक्तीची) आहे ती. पुढची 158 पीएसची मोटर जोडीला आली की गाडी सुसाट पळते हे खरं, पण तो हौसेचा भाग झाला. आणि एक गैरसमज फार पसरलाय, तो आधी डोक्यातून काढा. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी लवकर थांबते असं नाही. कासच्या रस्त्यावर धुक्यात, ओल्या वळणावर तुम्हाला वाचवतात ते टायर आणि तुमचा वेग. उतारावर दोन्ही गाड्या सारख्याच, दोन्ही जड.

खरा फरक शेतरस्त्यावर दिसतो. आमच्या बांधाकडे वळताना ओढ्याचा छोटा उतार आहे आणि पलीकडे लगेच चढ. पाऊस पडून गेला की तिथे मागच्या चाकांवर चालणारी गाडी शेपूट हलवायला लागते, मागचा भाग उसाच्या बाजूला सरकतो. क्यूडब्ल्यूडीत पुढची चाकं ओढायला लागतात आणि गाडी सरळ वर येते. दोन्ही मोटरींच्या मधे शाफ्ट नाही, त्यामुळे पुढे किती ताकद आणि मागे किती हे क्षणात बदलतं. पण एकाच बाजूचं चाक घसरलं तर त्याला आवरायला ब्रेकच मदतीला येतो, म्हणून अशा वेळी पाय एकसारखा हलका ठेवायचा. झटका दिलात की चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं. मड मोड चिखलात शिरायच्या आधी लावा, अडकल्यावर नाही.

मात्र भर पावसातल्या काळ्या रानात कुठलाच मोड चालत नाही. चिखल टायरच्या खाचांत गच्च बसतो, टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो, मग चार चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय. तिथे गाडी बांधावरच ठेवा. तांबड्या मातीच्या, मुरमाच्या रस्त्यावर, परळी-ठोसेघरकडे किंवा बामणोलीच्या बाजूला, क्यूडब्ल्यूडी पैसे वसूल करते.

आता ट्रायल. शोरूमवाले हायवेवर नेतात, सरळ रस्त्यावर बूस्ट मोड दाखवतात आणि परत आणतात. त्यातून रोजच्या वापराचं काही कळत नाही. घरची चार माणसं बसवा, डिकीत थोडं सामान टाका आणि समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाटाने कासच्या दिशेने चला. निघताना बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. साताऱ्यापासून कासपर्यंत सुमारे पाचशे मीटर चढ आहे. भरलेली गाडी तेवढी उंच नेण्यातच तीन-साडेतीन युनिट जातात, रस्त्याचा खर्च वेगळा. वर जाताना टक्के भराभर उतरलेले पाहून घाबरू नका, उतरताना त्यातला बराचसा भाग परत येतो. म्हणून हिशोब खाली आल्यावरच करा.

चढावर मधेच थांबून पुन्हा निघा, गाडी मागे येते का बघा. उतरताना रीजनच्या (पाय उचलला की मोटरच गाडी आवरते आणि बॅटरी भरते, त्याच्या) सगळ्या पातळ्या वापरा आणि मागे बसलेल्यांना मळमळतंय का विचारा, जोरदार रीजनला अनेकांना त्रास होतो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रीजन फारसं काम करत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. पाचगणी-महाबळेश्वरला मुक्काम करणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं: वर शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरायचा नाही, थोडी जागा ठेवायची.

मग गावात या. आरसे उघडे असताना रुंदी दोन मीटरच्या वर जाते. मंगळवार तळ्याकडच्या बोळांत समोरून रिक्षा आली की काय होतं ते स्वतः अनुभवा. डिकी उघडून स्टेपनी आहे का, कुठे आहे, तेही बघा.

पूर्ण चार्जवर 622 किलोमीटर हा क्यूडब्ल्यूडीचा चाचणीच्या दाखल्यावरचा आकडा घाटवाटांसाठी धरू नका. मी एका युनिटला पाच किलोमीटर धरून चालतो, म्हणजे 75 युनिटला पावणेचारशे, आणि त्यातलेही शेवटचे पंधरा टक्के नियोजनात घेत नाही.

चार्जिंगचं बुकिंगच्या आधी बघा. साध्या 15 अँपिअरच्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो, 7.2 किलोवॉटच्या चार्जरवर रात्रभरात काम होतं. त्यासाठी घरचा मंजूर भार पुरतो का ते वीजबिलावर पाहा. कमी असेल तर महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज आजच करा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत अर्थिंगच नीट नसतं आणि मग चार्जर चालूच होत नाही.

शेतापर्यंत डांबरी किंवा काँक्रीटचा रस्ता असेल तर मागच्या चाकांचीच घ्या आणि वाचलेल्या पैशांतून चार्जर नीट बसवा. शेवटचा टप्पा कच्चा असेल आणि पावसाळ्यातही जावं लागत असेल, तर क्यूडब्ल्यूडी. कोरेगावकडे नेमकं कुठलं गाव ते कळवा, रस्ता माहितीतला असेल तर सांगतो.