वॉरंटी संपली आणि शॉकअप तुटला: वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरल्यापासून दुचाकीच्या सस्पेन्शनबद्दल, म्हणजे शॉकअपबद्दल, बरीच पत्रं आली. गाडी चालू असताना अचानक बसली, आणि शोरूममध्ये "वॉरंटी संपली" एवढंच ऐकायला मिळालं, असा बहुतेकांचा सूर आहे. म्हणून या वेळी फक्त हेच प्रश्न घेतले आहेत. आधी एक सांगतो, कारण पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहे: तुटलेला भाग हातचा सोडू नका. तुमच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार तोच.

प्रश्न: माझी मोनोशॉकची (मागे एकच शॉकअप असलेली) गाडी आहे. दोन वर्षांची वॉरंटी संपून तीन महिने झाले. मंगळवेढ्याहून येताना बेगमपूर सोडल्यावर कामतीच्या अलीकडे मागचा शॉकअप खालच्या डोळ्यापाशी (बोल्ट बसतो त्या कडीपाशी) तुटला. सीट एकदम खाली गेली, टायर मडगार्डला घासायला लागला. मागे बायको बसली होती, थोडक्यात वाचलो. सर्व्हिसिंग सगळं वेळेवर केलंय. शोरूमवाले म्हणतात, नवीन शॉकअप तुमच्या खर्चानं. खरंच काही करता येत नाही का? (जुळे सोलापूर)

करता येतं. पण वॉरंटीच्या जोरावर नाही, दोषाच्या जोरावर. वॉरंटी म्हणजे कंपनीनं दिलेली मुदत. त्या मुदतीत तुम्हाला फारसं काही सिद्ध करावं लागत नाही. मुदत संपली की भाग मुळातच सदोष होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. ग्राहक म्हणून तुमचा हक्क त्या तारखेला संपत नाही, फक्त काम अवघड होतं.

म्हणून आधी भागाकडे वळू. शॉकअप अजून गाडीवर असेल तर जॉबकार्डावर स्वतःच्या अक्षरात लिहा: "काढलेला जुना भाग मालकास परत द्यावा." पैसे देऊन दुरुस्ती होत असेल तर जुना भाग तुमचा आहे, तो मागायला संकोच कशाला? हातात आल्यावर तुटलेला पृष्ठभाग पुसू नका, ब्रश मारू नका आणि दोन तुकडे एकमेकांवर बसवून बघू नका. बसवताना कडा घासतात आणि जे वाचायचं असतं तेच पुसलं जातं. उन्हात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, जवळून फोटो काढा. मग दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कोरड्या प्लास्टिक पिशवीत ठेवा.

आता त्या पृष्ठभागावर काय दिसतं ते बघा. काही भाग गुळगुळीत, मंद, काळपट किंवा गंजलेला आणि उरलेला खरबरीत, चकाकणारा असेल, तर चीर जुनी आहे. ती हळूहळू वाढत गेली आणि त्या दिवशी उरलेला धातू एका झटक्यात गेला. गुळगुळीत भागात कधीकधी एकामागे एक वळलेल्या रेषाही दिसतात, चीर टप्प्याटप्प्यानं पुढे सरकल्याच्या. सगळा पृष्ठभाग ताजा, खरबरीत असेल आणि रॉड वाकलेला असेल, तर मोठा दणका किंवा जादा ओझं हे कारण जास्त संभवतं. आणि वेल्डिंगच्या जागी बारीक छिद्रं, पोकळी किंवा धातू नीट न मिसळल्याची कडा दिसली, तर बोट कारखान्याकडे जातं. जुनी चीर म्हणजे कारखान्याचाच दोष असं मात्र समजू नका. रोज ओव्हरलोड झालेल्या गाडीतही अशी चीर येते. तरी "कुठल्यातरी खड्ड्यात आपटली असेल" या शोरूमच्या ठरलेल्या वाक्याला उत्तर द्यायला एवढं पुष्कळ आहे.

यानंतर जुनी जॉबकार्डं काढा. वॉरंटी चालू असताना कधी "मागून खट्ट आवाज येतो" अशी तक्रार लिहून घेतली गेली होती का? असेल तर तो कागद लाखमोलाचा. मुदतीत तक्रार केली, दुरुस्त झाली नाही आणि मुदतीनंतर तोच भाग तुटला, तर कंपनीला हात झटकणं जड जातं.

मग लेखी तक्रार करा. काउंटरवरची बोलणी कुठेच नोंदली जात नाहीत. कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा आणि त्याची प्रत शोरूमला द्या. त्यात चॅसी नंबर, खरेदीची तारीख, किलोमीटर, सर्व्हिसिंगच्या तारखा, घटना कुठे आणि किती वेगात घडली हे चार ओळींत लिहा, फोटो जोडा. मागणी दोनच करा: भाग कंपनीच्या तंत्रज्ञानं तपासून कारण लेखी द्यावं, आणि भाग मोफत बदलून द्यावा. मुदत नुकतीच संपलेली असेल आणि सर्व्हिसिंगची नोंद स्वच्छ असेल, तर कंपन्या गुडविल म्हणून भागाची पूर्ण किंवा अर्धी किंमत सोसतात. हे शोरूमच्या नाही, कंपनीच्या हातात असतं. म्हणून शोरूमशी भांडत बसण्यात वेळ घालवू नका. तपासणीसाठी भाग द्यावा लागला तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका.

दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते आणि बऱ्याच प्रकरणांत एवढ्यावर भागतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते. कंपनी परराज्यातली असली तरी तुम्हाला सोलापूर सोडावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो. भाग जपून ठेवा म्हणतो ते यासाठीच. फक्त शॉकअपच्या किमतीसाठी हा रस्ता लांबचा आहे, हे मनाशी धरून ठरवा. कुणाला इजा झाली असती तर मी दुसरा कुठलाच सल्ला दिला नसता. सदोष मालानं झालेल्या इजेची भरपाई उत्पादकाकडून मागण्याची या कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे.

आणखी एक काम करा, तुमच्या बायकोसारखं दुसरं कुणी मागे बसलेलं असेल त्याच्यासाठी. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून तुमच्या मॉडेलचा रिकॉल (दोषामुळे कंपनीनं गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) निघालाय का बघा. रिकॉलचं काम मोफत होतं, तिथे वॉरंटी आड येत नाही. रिकॉल नसेल तर ७ वर्षांच्या आतल्या गाडीच्या दोषाची तक्रार परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर नोंदवता येते. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेल्या ११०अ कलमाचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी जमल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. तुमची एक तक्रार तिथे मोजली जाते.

राहिला रस्त्यावरचा प्रश्न. मागची बाजू बसली की पहिली इच्छा ब्रेक दाबायची होते. जोरात दाबू नका. ॲक्सिलेटर हळू सोडा, हँडल सरळ धरा, गाडी आपोआप मंदावू द्या, डावीकडे घ्या. नंतर "हळूहळू नेऊ सोलापूरपर्यंत" हा मोह नको. घासलेला टायर फुटतो किंवा चाक जाम होतं. मित्रानं बाजूच्या गाडीवरून पायानं ढकलत नेणं तर अजिबात नको. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा, नाहीतर छोटा हत्ती बोलवा.

प्रश्न: पुढच्या शॉकअपमधून ऑईल येतंय, ते डिस्कवर गेलं आणि अशोक चौकात ब्रेकच लागला नाही. मेकॅनिक म्हणतो दोन्ही पाईप आणि सील, पूर्ण सेट बदला. गाडी चार वर्षांची. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत रोज जातो. एवढा खर्च लागतोच का? (विडी घरकुल)

बहुधा नाही. पण ब्रेकचं काम आज करा, उद्यावर टाकू नका. डिस्क ब्रेक क्लीनरनं स्वच्छ होते. ऑईल प्यायलेले पॅड मात्र होत नाहीत. काहीजण ते जाळतात, पॉलिश पेपरवर घासतात आणि परत बसवतात. ते करू नका, नवीन पॅड घ्या.

आता सील. रात्री गाडी उभी करण्याआधी शॉकअपचा चकचकीत पाईप स्वच्छ पुसा. सकाळी पुढचा ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा दाबा आणि पाईप बघा. ऑईलची बारीक, सलग कडी उमटली तर सील गेलंय. एकाच जागी उभा ओघळ असेल तर सीलच्या ओठात माती अडकली असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडची काळी माती पाईपवर वाळली की पॉलिश पेपरसारखी होते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक सीलवर घासली जाते. मेकॅनिककडून डस्ट सील वर सरकवून पातळ, गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्टीनं ती माती काढून घ्या. पुष्कळदा गळती तिथेच थांबते. मग ऑईलची पातळी तेवढी बघून घ्यायची.

थांबली नाही तर सील बदला, पण दोन्ही बाजूंचं. ऑईलही दोन्हींत नवीन, कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं आणि मापून. "अंदाजानं टाकलं" हे चालवून घेऊ नका. एका बाजूला कमी-जास्त झालं तर दोन्ही शॉकअप सारखं काम करत नाहीत.

पाईप बदलायचा की नाही हे तुमचं बोट सांगेल. पाईप पुसून नखानं वरून खाली ओढत या. सील जिथे चालतं त्या पट्ट्यात नख अडकलं तर तिथे खड्डा किंवा गंज आहे आणि नवीन सीलही महिनाभरात फाटेल. तेव्हा पाईप बदला, किंवा तो सरळ असेल तर हार्ड क्रोम करून घ्या. नख अडकत नसेल आणि पाईप सपाट काचेवर फिरवल्यावर डगमगत नसेल, तर मेकॅनिकला शांतपणे विचारा, "पाईप कशासाठी बदलायचा, दाखवा." चांगला मेकॅनिक दाखवतो. काम झाल्यावर पाईपवर रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) बसवून घ्या. धुळीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांना मी हे आग्रहानं सांगतो.

प्रश्न: खड्ड्यात आदळून शॉकअप वाकला. विम्यातून मिळतं का? (हैदराबाद रोड)

विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा असेल तर खड्ड्यात आदळणं अपघातात मोडतं, झिजेत मोडत नाही. दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा, तिचा सर्व्हेअर येईपर्यंत भाग खोलू नका. झीरो डेप (घसारा न कापणारा विमा) नसेल तर रबर-प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते. क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो; रक्कम लहान असेल तर ते धरून हिशोब करा.

प्रश्न: मार्डीहून सोलापूरला रोज दूध आणतो. शंभर सीसीच्या गाडीचा मागचा एक शॉकअप गळतोय. गावात एकजण स्वस्तात खोलून, भरून देतो. भरून घेऊ का, की कंपनीचाच घ्यावा? आणि दुधाचा धंदा म्हणून ग्राहक कायदा लागत नाही म्हणतात, खरं का?

दादा, आधी शॉकअप नीट बघा. शेजारी किंवा वर गॅसची छोटी टाकी असेल, किंवा त्यावर गॅस भरल्याची सूचना असेल, तर गावातल्या माणसाला हातही लावू देऊ नका. आत नायट्रोजन मोठ्या दाबाखाली असतो. ते ड्रिल केलं किंवा तापवलं तर माणसाचा जीव जाऊ शकतो. साधा ऑईलचा असेल तर भरून मिळतो, पण रॉडवर ओरखडा असेल तर नवीन सील टिकत नाही. दुधाच्या कॅनचं वजन बघता मी म्हणेन, नवीन जोडीच घ्या. एक नवा, एक जुना बसवला की गाडी एका अंगानं चालते आणि नव्यावर भार पडतो.

स्प्रिंगखालची कॉलर हुक पान्यानं फिरवून कॅन लादताना कडक खाचेवर ठेवा, दोन्ही बाजूंना सारखी. चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश ढिले आहेत का तेही त्याच दिवशी बघून घ्या. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक आडवं हलवा. खेळ जाणवला तर आधी बेअरिंग आणि चिमट्याचे बुश तपासा, नुसता शॉकअप बदलून भागणार नाही.

कायद्याचं अर्धवट खरं आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला तो लागत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी त्यातून वगळलेली नाही. तुम्ही स्वतः गाडी चालवून दूध घालता, म्हणजे तुम्ही ग्राहकच. उद्या कुणी "कमर्शियल" म्हणून परत पाठवू लागलं तर हे ठणकावून सांगा.

प्रश्न: कंपनी अर्धी किंमत सोसायला तयार झाली, पण "यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही" अशा कागदावर सही मागते. करू का? (बाळे)

कागद घरी आणून वाचा, काउंटरवर उभ्या उभ्या सही करू नका. या शॉकअपच्या खर्चाबद्दल तक्रार मिटली, एवढंच लिहिलं असेल तर हरकत नाही. "गाडीबाबत कोणतीही तक्रार" असं मोघम असेल तर ते शब्द खोडून "सदर शॉकअपच्या बदलीच्या खर्चापुरतं" असं लिहून मागा. बहुतेक वेळा देतात. पडून कुणाला लागलं असेल आणि दवाखान्याचा खर्च झाला असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

सहीच्या बदल्यात तुम्हीही काही मागा. नवीन भागावर किती महिन्यांची वॉरंटी ते बिलावर लिहून, शिक्क्यासह. बिल पूर्ण किमतीचं आणि त्यात कंपनीची सूट वेगळी दाखवलेली हवी. भागाचा नंबर बिलावर आणि शॉकअपवर जुळतोय का, ते शोरूमच्या दारातच बघून घ्या.