शंका-समाधान : इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्यामागचा अॅम्प्लिफायर

प्रश्न : मी नुकतेच हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर घेतले आहेत. वर पडद्याचे उंच पॅनेल आणि खाली खोक्यात नेहमीचा वूफर अशी त्यांची रचना आहे. होम थिएटरच्या रिसीव्हरवर प्रत्येक चॅनेलला 100 वॉट असे छापलेले असूनही आवाज थोडा चढवला की तो आपोआप बंद पडतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘4 ओहम, 20 किलोहर्ट्झला 0.8 ओहम’ असे लिहिले आहे. अधिक वॉटचा अॅम्प्लिफायर घेतल्याने प्रश्न सुटेल का?

उत्तर : खरेदीचा विचार करण्याआधी स्पीकरच्या मागे टॉर्च घेऊन बसा आणि वायरींची चारही टोके तपासा. एकदा अॅम्प्लिफायरवर संशय घेण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. शेवटी दोष निघाला तो लाल टर्मिनलमधून निसटून शेजारच्या काळ्या टर्मिनलला टेकलेल्या तांब्याच्या एका केसाएवढ्या तारेचा. तसे काही आढळले नाही, तरच पुढचे वाचा.

पॅनेलमधला पडदा अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. तो छिद्रांच्या दोन धातूच्या पत्र्यांमध्ये ताणून बसवलेला असतो आणि त्याच्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतदाब ठेवलेला असतो. संगीताचा सिग्नल मिळतो तो दोन्ही पत्र्यांना. त्यासाठी अॅम्प्लिफायरकडून येणारे काही व्होल्ट स्पीकरमधला ट्रान्सफॉर्मर पन्नास ते शंभर पटींनी वाढवतो. विद्युतशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हे पॅनेल म्हणजे एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक आहे, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज जितक्या पटींनी वाढवतो त्याच्या वर्गाइतक्या पटींनी पॅनेलची धारिता (भार साठवण्याची क्षमता) अॅम्प्लिफायरला मोठी दिसते. समजा पॅनेलची धारिता 1 नॅनोफॅरड आहे आणि ट्रान्सफॉर्मर 75 पटींचा आहे; तर अॅम्प्लिफायरला सुमारे 5.6 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसेल, ज्याचा इम्पिडन्स, म्हणजे वारंवारतेनुसार बदलणारा विद्युत अडथळा, 2 किलोहर्ट्झला साधारण 14 ओहम, तर 20 किलोहर्ट्झला जेमतेम 1.4 ओहम भरतो. आपल्या पत्रकातला 0.8 हा आकडा म्हणजे छपाईची चूक नाही. या जातीच्या स्पीकरचा तो स्वभावच आहे.

मात्र त्या आकड्याने घाबरून जाण्याचेही कारण नाही, कारण संगीतात 20 किलोहर्ट्झच्या आसपास फारशी ऊर्जा नसते. त्यामुळे रिसीव्हर नेमका कशामुळे बंद पडतो हे आधी ओळखावे, आणि ते घरच्या घरी जमते. प्रथम खर्जाने भरलेले वादन लावा, नंतर झांजांचे किंवा टाळ्यांच्या कडकडाटाचे ध्वनिमुद्रण लावा, आणि दोन्ही वेळा आवाज सारखाच ठेवा. खर्जाला बंद पडला तर 4 ओहमच्या वूफरला लागणारा प्रवाह रिसीव्हरच्या पॉवर सप्लायला पेलत नाही, आणि झांजांना पडला तर त्याला पॅनेल जड जाते आहे, असे समजावे. अनुभवाने सांगतो, बहुतेक वेळा दोष पहिला निघतो आणि दूषण मात्र पॅनेलला मिळते.

आता वॉटविषयी. 8 ओहममध्ये 100 वॉट देताना अॅम्प्लिफायर सुमारे 28 व्होल्ट पुरवतो. तेवढेच व्होल्टेज 1 ओहमवर टिकवायचे ठरवले तर त्याला 28 अँपिअर द्यावे लागतील. शिवाय कपॅसिटरसारख्या भारात व्होल्टेज आणि प्रवाह यांचे शिखर एकाच क्षणी येत नाही. पॅनेलमध्ये जाऊन परतलेली ऊर्जा आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन बसते आणि संरक्षक सर्किट घाबरून वीज तोडते. म्हणून माहितीपत्रकात 8 ओहमचे वॉट पाहून थांबू नये, 4 आणि 2 ओहमला किती वॉट दिले आहेत ते पाहावे. जो अॅम्प्लिफायर 8 ओहमला 60, 4 ओहमला 120 आणि 2 ओहमला 200च्या पुढे देतो, तो माझ्या मते आपल्या कामाचा आहे. जो 8 ओहमला 150 देतो आणि 4 ओहमचा आकडाच छापत नाही, तो नाही. रिसीव्हरच्या मागे ‘4 ओहम’ असे बटण असेल तर त्याच्यावरही भिस्त ठेवू नका. ते बहुधा आतले व्होल्टेज कमी करून यंत्र थंड ठेवते. जास्तीचा प्रवाह त्यातून निर्माण होत नाही. दोन चॅनेल जोडून ‘ब्रिज’ करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नम्रपणे नाकारावा, कारण त्या जोडणीत प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा निम्माच इम्पिडन्स दिसतो.

आपल्या रिसीव्हरला ‘प्री-आउट’, म्हणजे दुसऱ्या पॉवर अॅम्प्लिफायरला सिग्नल देणारी सॉकेट असतील तर तो टाकून देण्याची गरज नाही. पुढच्या दोन स्पीकरपुरता वेगळा पॉवर अॅम्प्लिफायर घ्यावा आणि बाकीचे काम रिसीव्हरकडेच ठेवावे.

प्रश्न : इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणि व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अॅम्प्लिफायर ही जोडी उत्तम, असे जुने जाणकार सांगतात. हायब्रिडलाही ते लागू होते का?

उत्तर : अर्धेच. क्वाड या ब्रिटिश कंपनीचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर 1957 साली बाजारात आला, तेव्हा त्याला जोडला जाणारा क्वाड टू हा अॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचाच होता आणि अवघ्या 15 वॉटचा होता. जाणकारांची आठवण तिथून आलेली असावी. पण त्या स्पीकरमध्ये खर्जही पडदाच वाजवीत असे. 4 ओहमचा वूफर खाली बसलेला नव्हता.

मुख्य अडचण आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या आतल्या अडथळ्याची आहे. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये तो 1 ओहम किंवा त्याहून अधिक असणे नवलाचे नाही. जिथे स्पीकर 8 ओहम दाखवतो तिथे यामुळे फार तर 1 डेसिबलचा फरक पडेल, पण जिथे तो 1 ओहमवर उतरतो तिथे 3 ते 6 डेसिबलची घट होऊ शकते. म्हणजे टिपेचे स्वर मवाळ होतात, आणि ऐकणारा त्याला ‘व्हॉल्व्हचा गोडवा’ म्हणतो. गोडवा आवडत असेल तर माझी तक्रार नाही. तो कोठून येतो ते ठाऊक असावे एवढेच. असा अॅम्प्लिफायर जोडायचाच असेल तर 8 ओहमऐवजी 4 ओहमचे टर्मिनल वापरावे आणि 2 ओहमचे असेल तर तेही ऐकून पाहावे.

प्रश्न : ‘डी’ वर्गाचे अॅम्प्लिफायर चालतील का?

उत्तर : चालतील, पण एक गोष्ट विचारून घ्यावी. ‘डी’ वर्गात ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद होत काम करतात. या अॅम्प्लिफायरच्या आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी मागे नेलेला आउटपुटचा अंश, त्या फिल्टरच्या आधीच घेतला असेल तर वरच्या वारंवारतेतला आवाज स्पीकरच्या इम्पिडन्सनुसार बदलतो, आणि इथे तो इम्पिडन्स फारच खाली जातो. फीडबॅक फिल्टरनंतर घेतला असेल तर ही अडचण जवळजवळ उरत नाही.

प्रश्न : अॅम्प्लिफायरपासून स्पीकर 8 मीटरवर आहेत. विक्रेता फार जाड आणि महाग केबल सुचवतो आहे. जाडीने खरेच फरक पडतो का?

उत्तर : आकडे मांडून पाहू. 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे 0.007 ओहम असतो. जाऊन-येऊन 16 मीटर धरले तर 0.11 ओहम होतो, आणि वूफरच्या 4 ओहमपुढे तो किरकोळ आहे. दोन समांतर तारांच्या साध्या स्पीकर वायरीचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) मात्र मीटरला 0.6 मायक्रोहेन्रीच्या आसपास असतो. 8 मीटरला तो 4.8 मायक्रोहेन्री भरतो आणि 20 किलोहर्ट्झला सुमारे 0.6 ओहमची अडवणूक करतो, म्हणजे रोधाच्या पाचपटीहून अधिक. टिपेचे स्वर वाजवणाऱ्या साध्या 8 ओहमच्या ट्वीटरला याचे काही वाटणार नाही. ज्याचा इम्पिडन्स तिथे 1 ओहमच्या घरात आहे, त्या पॅनेलच्या बाबतीत मात्र अगदी वरच्या पट्टीतला आवाज यामुळे किंचित झुकू शकतो किंवा, धारिता आणि इंडक्टन्स यांचा मेळ बसला, तर उलट उसळूही शकतो.

गंमत अशी की वायर दुप्पट जाड केली तर रोध निम्मा होतो, पण इंडक्टन्स जवळपास जागच्या जागी राहतो, कारण तो ठरतो मुख्यतः जाणारी आणि येणारी तार यांच्यातल्या अंतरावर आणि लांबीवर. म्हणून दोन्ही तारा एकमेकींना चिकटून जाणारी केबल घ्यावी. लाल तार एका भिंतीने आणि काळी दुसऱ्या भिंतीने नेण्याचा मोह कधीही करू नये. चार तारांची केबल मिळाली तर समोरासमोरच्या दोन तारा एकत्र करून एक ध्रुव, उरलेल्या दोन एकत्र करून दुसरा, अशी जोडणी करावी. इंडक्टन्स साधारण निम्म्यावर येतो. विणलेल्या काही खास केबलींचा इंडक्टन्स याहूनही कमी असतो, पण त्यांची धारिता इतकी वाढते की एखादा नाजूक अॅम्प्लिफायर अस्थिर होऊन तापू लागतो. अशी केबल घेण्याआधी अॅम्प्लिफायरच्या निर्मात्याची सूचना वाचावी.

यापेक्षा सरळ उपाय म्हणजे पॉवर अॅम्प्लिफायरच स्पीकरजवळ नेऊन ठेवावा, स्पीकरची वायर दीड-दोन मीटरची करावी आणि प्रीअॅम्प्लिफायरपासूनचे लांब अंतर बॅलन्स्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट रद्द करणाऱ्या) सिग्नल केबलने पार करावे. विक्रेत्याला हा सल्ला आवडणार नाही. टोके सोलताना एकही तार तुटू देऊ नका, पिळून थिंबल दाबून बसवा, आणि महिन्याभराने टर्मिनल पुन्हा एकदा आवळा; मऊ तांबे दाबाखाली थोडे बसते आणि पकड सैल होते.

प्रश्न : स्पीकरला टर्मिनलच्या दोन जोड्या आहेत. जुना अॅम्प्लिफायर वूफरला आणि नवा पॅनेलला जोडला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण आधी दोन्ही जोड्यांना सांधणाऱ्या धातूच्या पट्ट्या काढा. त्या तशाच राहिल्या तर दोन अॅम्प्लिफायरची आउटपुट एकमेकांवर आदळतील आणि त्यांतले एक तरी जळण्याची शक्यता आहे. पट्ट्या काढल्यावर मल्टिमीटर ओहमवर लावून वरच्या आणि खालच्या लाल टर्मिनलमध्ये जोड उरला नाही ना, हे पाहावे.

दुसरी बाब गेनची, म्हणजे अॅम्प्लिफायर सिग्नल किती वाढवतो त्या प्रमाणाची. एकाचा 26 डेसिबल आणि दुसऱ्याचा 29 असेल, तर पॅनेल आणि वूफर यांच्यात 3 डेसिबलची तफावत कायमची बसेल, आणि जिथे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते त्या काही शे हर्ट्झच्या सांध्यावर मानवी आवाज नेमका उसवेल. स्पीकर सोडवून दोन्ही अॅम्प्लिफायरना एकच 200 हर्ट्झचा सूर द्या, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजा आणि ज्याचे व्होल्टेज जास्त येईल त्याचा गेन उतरवा. उतरवण्याची सोय नसेल तर हा बेत सोडून द्यावा. एकाच अॅम्प्लिफायरपासून दोन जोड वायरी नेण्याच्या, म्हणजे बाय-वायरिंगच्या बाबतीत, तेच पैसे एक चांगली आखूड वायर घेण्यात घालावेत असे माझे मत आहे.

ज्या हायब्रिड स्पीकरच्या वूफरला स्वतःचा अॅम्प्लिफायर असतो, त्यांना हा खटाटोप लागतच नाही. खर्जाचा जड प्रवाह तिथे बाहेरच्या अॅम्प्लिफायरकडून घेतला जात नाही, त्यामुळे त्याच्याकडून वॉट कमी आणि कमी इम्पिडन्सवरची स्थिरता जास्त अपेक्षावी.

प्रश्न : पॅनेलचा वीज अॅडॉप्टर रोज बंद करावा का? आणि धूळ कशी काढावी?

उत्तर : अॅडॉप्टर अगदी थोडी वीज घेतो; नियमित ऐकत असाल तर चालू ठेवायला हरकत नाही. मात्र भारित पडदा धूळ ओढून घेतो. वर्षातून एक-दोनदा अॅडॉप्टर काढून स्पीकर रात्रभर तसेच ठेवावेत, म्हणजे भार उतरतो आणि धुळीची पकड सुटते. मग मऊ ब्रशचा व्हॅक्यूम क्लीनर जाळीवरून वरून खाली हलकेच फिरवावा. ओले फडके किंवा फवारा जवळही आणू नये. अॅडॉप्टर पुन्हा जोडल्यावर पडद्यावर पूर्ण भार चढायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या काही मिनिटांत आवाज दबलेला वाटला तर अॅम्प्लिफायरचे बटण पिळू नका.