बोत्स्वानाचे बाथोएन दुसरे गादी सोडून विरोधी पक्षात का गेले?

प्रश्नाचे दोन भाग आहेत: गादीवर बसून विरोधी राजकारण करता येत होतं का, आणि बाथोएन यांनी गादी का सोडली. पहिल्याचं उत्तर, नाही. ‘खोसी’ म्हणजे प्रमुख पदावर असताना संसदेची निवडणूक लढवता येत नव्हती. म्हणून 1928 पासून बांग्वाकेत्से जमातीचे प्रमुख असलेले बाथोएन 1969 मध्ये पायउतार झाले, गादी मुलाकडे, सीपापित्सोकडे गेली आणि मग ते बोत्स्वाना नॅशनल फ्रंटकडून उभे राहिले.

लोकशाहीच्या ओढीने त्यांनी हे केलं असं मला वाटत नाही. 1966 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा प्रमुखांसाठी सल्लागार सभागृह ठेवलं, पण खरे अधिकार एकेक करून काढून घेतले. खाणींचे हक्क सरकारकडे गेले. जमीनवाटप 1968 च्या कायद्याने ‘लँड बोर्ड’ म्हणजे जमीन मंडळांकडे गेलं. त्याच वर्षी मोकाट गुरांचा कायदा आला. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण नाही: बेवारस गुरं आधी प्रमुखाकडे जमा होत, आता जिल्हा परिषदेकडे. गुरं हीच जिथे श्रीमंती, तिथे कोंडवाडा हातचा जाणं म्हणजे खजिनाच जाणं. उरलं काय, तर खोत्ल्यात, म्हणजे चावडीवर, बसून निवाडे करणं.

निवडणुकीत त्यांनी कान्ये दक्षिणमध्ये थेट उपराष्ट्राध्यक्ष क्वेट मासिरे यांना पाडलं. मासिरे कान्येचेच, तिथल्या शाळेचे माजी मुख्याध्यापक. दोघांचं जुनं वाकडं. पण घटनेत विशेष निवडीच्या, म्हणजे मतदारांऐवजी संसदेनेच भरायच्या, 4 जागा होत्या. त्या वाटेने मासिरे संसदेत परतले, पद राखलं आणि 1980 मध्ये राष्ट्राध्यक्षही झाले.

फ्रंटचे संस्थापक केनेथ कोमा मॉस्कोत शिकलेले डावे. डाव्यांचा पक्ष आणि वंशपरंपरेने आलेला राजा, ही जोडी विचारांची नव्हती, सोयीची होती. कोमांना मतदार हवे होते, बाथोएनना व्यासपीठ.

घोडं अडलं ते इथेच. मतं माणसाला पडली, पक्षाला नाही. 31 पैकी फ्रंटच्या जागा 3, त्याही बांग्वाकेत्से मुलखातल्या; 1974 ला 2. बाथोएन स्वतः मात्र निवडून येत राहिले.

पन्नास वर्षांनी, 2019 मध्ये, बामांग्वातो जमातीचे खोसी आणि माजी राष्ट्राध्यक्ष इयान खामा सत्ताधारी पक्ष सोडून नव्या पक्षामागे उभे राहिले. त्या पक्षालाही जागा मिळाल्या 3, तिन्ही खामांच्या सेरोवे भागातल्या.