तालीम चालते, मग मसाज का चालत नाही?

आपले पत्र मिळाले. बारावी विज्ञान शाखेत ६८ टक्के गुण मिळवलेल्या आपल्या मुलीला मसाज थेरपिस्ट व्हायचे आहे, आणि ‘लोकांची अंगे रगडण्याचे खूळ तिच्या डोक्यातून काढून तिला फिजिओथेरपीकडे वळवा’ अशी आपली विनंती आहे. गुणांची मला काळजी वाटत नाही. आपल्या पत्राची वाटते. तरुणपणी आपण कोल्हापुरात तालमीत होता, हे आपण अभिमानाने लिहिले आहे. मेहनत झाल्यावर पठ्ठे एकमेकांचे अंग रगडतात, याचा तालमीत कुणालाही कमीपणा वाटत नाही. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या मावशींची वाटही आपल्याकडे घरोघरी पाहिली जाते. मग तेच काम मुलगी रीतसर शिकून पोटापाण्यासाठी करू म्हणते, तेव्हा ते खूळ कसे ठरते? नातेवाईक काय म्हणतील यावर आपण दीड पान लिहिले आहे, आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आजीचे हातपाय ती रोज चोळते, त्याशिवाय आजीला झोप लागत नाही, हे मात्र एका ओळीत उरकले आहे. तिचा कल जाणून घ्यायला मला तीच ओळ सर्वांत उपयोगी पडली. आपली खरी भीती मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरधंद्यांची असेल, तर ती रास्त आहे. पण मग ती मुलीशी तशीच स्पष्ट बोला, नातेवाइकांना पुढे करू नका.

आता थोडे मुलीविषयी. ‘माझ्या हाताला गुण आहे’ असे ती म्हणते. जिव्हाळा आणि हातातील ताकद एवढ्यावर हे काम जमते, हा समज मला आपल्या आक्षेपाइतकाच चुकीचा वाटतो. एकाच पायाची पोटरी सुजून गरम व दुखरी झाली असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा, म्हणजे जिवावरचा धोका असतो. मधुमेहाने पावलांची संवेदना गेलेल्या माणसाला तेलाचा चटका कळतच नाही. अर्धांगवायूच्या रुग्णाचा लुळा हात ओढला, तर खांद्याला इजा होते. कुठे हात लावायचा नाही आणि कुणाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचे, हे शरीररचना शिकल्याशिवाय उमगत नाही. मसाजने स्नायू सैलावतात, वेदना काही काळ कमी होते, झोप लागते; अर्धांगवायू बरा होत नाही, आणि तसे आश्वासन आजीलाही देऊ नये. स्पर्श करण्यापूर्वी विचारणे, उपचारापुरतेच अंग उघडे ठेवणे आणि समोरचा ‘पुरे’ म्हणताच थांबणे हेही या शिक्षणातच येते. (आणि हो, सारा भार अंगठ्यांवर टाकला तर थेरपिस्टचेच सांधे आधी कुरकुरू लागतात.)

फिजिओथेरपीच्या पदवीसाठी ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि निसर्गोपचार व योग यांची पदवी साडेपाच वर्षांची असते. तिला यातले काही स्वतःहून हवे असेल तर जरूर करावे. केवळ ‘मसाज’ हा शब्द टळावा म्हणून तिला तिकडे ढकलण्याच्या कामात मात्र मी आपल्याला मदत करणार नाही.

गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात मसाज हा उपचारांचाच भाग आहे. तिथे आपण मुलीला घेऊन एकदा जाऊन यावे. पुढे अभ्यासक्रम निवडताना प्रत्यक्ष रुग्णांवर सराव कुणाच्या देखरेखीखाली होतो, हे आधी विचारावे. आणि नोकरीच्या ठिकाणी गैर वागणाऱ्या ग्राहकाला नकार देण्याचा अधिकार तिला असेल का, हे आपण स्वतः सोबत जाऊन विचारावे.