पण आजोबा गहू नाहीत

"नाताळ सोपा असतो हो ताई. बाळ जन्मलं, गोठा केला, चांदणी लावली, झालं. ईस्टर कसा सांगायचा लेकरांना?"

मुलांशी आणि पालकांशी बोलणं हे माझं काम. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उलटला की हा प्रश्न माझ्याकडे येऊ लागतो. वसईच्या वाड्यांतून येतो, नालासोपाऱ्याच्या इमारतींतून येतो. कुवेतला, मेलबर्नला संसार थाटलेल्या आपल्या मुलीही फोनवर हेच विचारतात. मूल चार, पाच, सहा वर्षांचं. त्याला खिळे कसे सांगायचे, रक्त कसं सांगायचं, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला हे कसं सांगायचं? बरेच पालक मग गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा तो शुक्रवार, गाळूनच टाकतात. रंगवलेली अंडी, बेकरीतलं काजूचं मार्झिपॅन, नवा फ्रॉक आणि थेट रविवार. त्यांची धास्ती मला कळते. पण शुक्रवार गाळता येत नाही. चर्चच्या आवारात तरुण मंडळी क्रुसाच्या वाटेचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीचा, जिवंत देखावा करतात, शिपाई चाबूक उगारतो, बायका रडतात. मूल आईच्या पदराआडून ते सगळं बघतच असतं. घरी आल्यावर त्याबद्दल कुणी बोललं नाही, तर त्याचा अर्थ ते एकटं लावत बसतं.

एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलीला इथे चिमी म्हणते.

चिमी सहा वर्षांची, पहिलीत. वडील कुवेतला, दर मेमध्ये महिनाभर येणारे. घरात आई, आजी आणि मागच्या जुलैपर्यंत आजोबा. आजोबांची केळीची वाडी होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, त्यांची सुकेळी करून केळीच्या सुक्या पानांत बांधायची, हे त्यांचं आवडतं काम आणि चिमी त्यांची मदतनीस. जुलैत ते अचानक गेले. त्यानंतरच्या उपवासकाळात आई तिला घेऊन आली. रात्री दचकून उठते, अंथरूण ओलं करते, धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायचं म्हटलं की पोट दुखतं.

"मला फक्त एवढंच सांगा," आई म्हणाली, "यंदा हिला गुड फ्रायडेला नेऊ की नको?"

शेजारी आजी पर्स मांडीवर धरून बसली होती. एक शब्द बोलली नाही.

मी विचारलं, "आजोबा गेले तेव्हा चिमीला काय सांगितलंत?"

"देवाघरी गेले म्हणून."

"आणि तिचे डॅडी कुठे गेलेत?"

"कुवेतला." मग ती थांबली. "अरे देवा."

या घरात "गेले" या शब्दाचा एकच अर्थ होता. गेलेला माणूस मेमध्ये बॅगा घेऊन परत येतो. आणि वर्गात शिकवलं होतं की येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. चिमीने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि भर वर्गात विचारलं, "माझे आजोबा तिसऱ्या दिवशी का नाही उठले?" मुलं हसली. आईला निरोप आला. आईने घरी समजावलं, "असं विचारायचं नसतं बाळा."

तेव्हापासून पोट दुखत होतं.

चिमीत वावगं काहीच नव्हतं. १९४८ साली हंगेरीतल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांशी बोलून मरणाबद्दलच्या त्यांच्या कल्पना नोंदवल्या होत्या. पाचेक वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा लांबचा प्रवास वाटतो, तिथून परत येता येतं. तो कायमचा शेवट आहे ही समज हळूहळू, पुढच्या काही वर्षांत येते. चिमी त्या उंबरठ्यावर उभी होती. आपण मोठी माणसं नेमकी याच वयात "झोपले", "गेले", "देवाने बोलावलं" असे गोड शब्द वापरतो आणि पोराचा पाय अडकवतो.

मी आईला सांगितलं, "मेले म्हणा. आजोबा मेले. त्यांचं शरीर चालायचं थांबलं, त्यांना भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही." तिला ते फार कठोर वाटलं. तरी तिने केलं. मुली प्रश्न विचारू लागल्या की आया धीट होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसऱ्या भेटीपर्यंत आईने आपल्या मनाने आणखी एक गोष्ट केली होती. कुठेतरी पाहून तिने घरी ईस्टरची बाग केली. पसरट कुंडीत माती, दगडांची छोटी कबर, आजूबाजूला गहू पेरलेले. उपक्रम छानच आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः गव्हाच्या दाण्याचं उदाहरण देतो, दाणा जमिनीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो. चार-पाच दिवसांत हिरवी पाती वर आली, चिमी नाचली. आणि आईने मायेपोटी एक वाक्य जास्तीचं उच्चारलं: "बघ, तसेच आपले आजोबा."

तिसऱ्या भेटीत पहिल्यांदा आजी बोलली. खाली मान घालून, चोरी कबूल केल्यासारखी. "ताई, रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आम्ही दफनभूमीत जातो. आमची नजर चुकवून ही शाळेची बाटली काढते आणि यांच्या कबरीवर पाणी ओतते."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. चिमी माझ्या टेबलावरच्या मातीच्या गोळ्याशी खेळत होती. मी बालवाडीत शिकवून या कामात आले. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडीचं जे काम सुरू केलं आणि अनुताई वाघांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढवलं, त्या वळणाची मी. मूल तोंडापेक्षा हातांनी आधी बोलतं, हे मी तिथून घेतलं आहे. म्हणून मीही एक मातीचा गोळा उचलला, तिच्याकडे न बघता.

"किती दिवस घातलंस पाणी?"

"रोज नाही. रविवारी."

"मग?"

ती गोळा वळत राहिली. बराच वेळ गेला. आईने तोंड उघडलं तेव्हा मी हाताने खुणावलं.

"गहू आला," चिमी म्हणाली. "आजोबा नाही आले." आणि मग अगदी हळू, "आजोबा गहू नाहीत ना?"

"नाहीत गं. आजोबा गहू नाहीत."

ती रडली. जुलैपासून पहिल्यांदा नीट रडली. पण मी जे विसरू शकत नाही ते त्यानंतरचं. आजीच्या मांडीवरची पर्स खाली पडली आणि ती म्हणाली, "मलासुद्धा वाटतं गं, ते परत यावेत. रोज वाटतं." आठ महिने त्या घरात आजोबांचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. पोरीला त्रास होईल म्हणून आजी गप्प, आजीला त्रास होईल म्हणून आई गप्प, दोघी गप्प म्हणून चिमी बाटली घेऊन एकटी. सगळं घर जे विचारू पाहत होतं, ते त्या सहा वर्षांच्या पोरीने भर वर्गात विचारलं होतं आणि आपण तिलाच गप्प केलं होतं. मी इतकी वर्षं हे काम करते आहे, पण घराचं दुःख घरातलं सगळ्यात लहान माणूस वाहतं, हे मला त्या दुपारी जितकं लख्ख दिसलं तितकं कधी दिसलं नव्हतं.

रडून झाल्यावर चिमीने नाक पुसलं आणि खरा प्रश्न विचारला. "मग येशू कसा उठला?"

अशा वेळी मोठ्या माणसाला उत्तराची घाई होते. मी म्हटलं, "ते होताना कुणीच पाहिलं नाही." आणि ते खरंच आहे. चारही शुभवर्तमानांत उठण्याचा क्षण कुठेच वर्णन केलेला नाही. पहाटे बायका कबरीकडे गेल्या, दगड बाजूला होता, आत तो नव्हता, एवढंच आहे. त्याची शिष्या मरिया माग्दालेना, तिला तर तो समोर उभा असून आधी माळीच वाटला. चिमीला हे फार आवडलं, कारण तिचे आजोबाही वाडीवाले. मग मी सांगितलं की त्याच्या हातांवरच्या जखमा तशाच होत्या, त्याचा शिष्य तोमा याने त्या पाहिल्या. तिने फ्रॉक वर करून गुडघ्यावरचा जुना व्रण दाखवला, वाडीत पडली होती तेव्हाचा. आजोबांनी हळद लावली होती म्हणे. आजी म्हणाली, "हो, आणि मला ओरडले होते, तुझं लक्ष कुठे होतं म्हणून." तिघीही हसल्या.

तेव्हापासून पालकांना मी एक फरक आवर्जून सांगते. शरीराचं काय झालं, ही माहिती. आपण काय मानतो, ही श्रद्धा. दोन्ही सांगा, पण वेगवेगळ्या वाक्यांत. "आजोबा मेले, ते या ईस्टरला ओट्यावर येऊन बसणार नाहीत." हे एक वाक्य. थोडं थांबा. "आपला विश्वास आहे की ते देवाजवळ आहेत आणि आपण त्यांना पुन्हा भेटू." हे दुसरं. येशूही उठल्यावर पूर्वीसारखा नासरेथच्या घरी राहायला गेला नाही, हेही मुलांना सांगा. त्यांना ते पटतं.

आईच्या मूळ प्रश्नाकडे आम्ही मग वळलो. देखाव्याला नेऊ नका, असं मी सांगितलं, या वर्षी नको. पण शुक्रवार घरी करा. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं, म्हणजे चौदा प्रसंग, सहा वर्षांच्या पोराला पेलत नाहीत. दोन पुरेत, पाचवं आणि सहावं. शिमोन क्रूस उचलायला हात लावतो आणि वेरोनिका तोंड पुसते. मुलांना चाबूक दाखवण्याआधी रुमाल दाखवा. भीती वाटली की मुलाला आधी हेच हवं असतं, मदत करणारं माणूस कुठे आहे ते. चिमीने एक पांढरा रुमाल ओला करून आजीचं तोंड पुसलं. त्याआधी गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले तसे, परातीत एकमेकींचे पाय धुतले होते, आणि ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीचा क्रूस आजीने विणून दिला होता. पुढच्या वर्षी याच झावळ्या जाळून राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख होते, हे ऐकून चिमीने तो तीनदा उलटसुलट करून पाहिला.

आईला मी एक रिकामं काम दिलं, ते म्हणजे शनिवार. ईस्टरच्या तयारीत आपण शनिवार पार बुडवतो, बाजार आणि केक यांत. लहान मुलांसाठी मला तो तीन दिवसांतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी काहीच घडत नाही. येशू मेलेला आहे आणि मित्रांना ठाऊक नाही की उद्या काय आहे. माणूस गेलेल्या प्रत्येक घराचा तोच दिवस चालू असतो. संध्याकाळी दिवे घालवून दहा मिनिटं बसा, असं सांगितलं. गॅलरीत गेलात तर कदाचित चंद्रही दिसेल. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेला धरूनच ईस्टर ठरतो, म्हणून तो पवित्र आठवड्याच्या आसपास भरलेला असतो. राखेच्या बुधवारी "आलेलुया" हा देवाच्या स्तुतीचा शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवला असेल, तर तो अजून काढू नका. चर्चमध्येही तो चाळीस दिवस गायलेला नसतो. रात्री चर्चमधल्या ईस्टरच्या जागराला जाऊन अंधारातून पास्का मेणबत्ती, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती, येताना मुलाने पाहिली, की मग तो कागद काढायचा. माझ्या अनुभवात अंधारात बसलेलं मूल घाबरत नाही. सोबत बसलेलं मोठं माणूस बोलू लागलं नाही, तर घाबरतं. त्या दहा मिनिटांत आजीने आजोबांच्या सुकेळ्यांची गोष्ट सांगितली, लग्नाआधीची, जी आईनेही कधी ऐकली नव्हती.

अंडी रंगवाच, मी अंड्यांच्या विरोधात नाही. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून ईस्टरला त्यांचं एवढं कौतुक. दहा-बारा कांद्यांची सुकी सालं अर्धा तास उकळायची, चमचाभर व्हिनेगर, पांढऱ्या कवचाची अंडी, छान तांबूस रंग चढतो. पण मला त्याहून आवडतो तो योहानाच्या शेवटच्या अध्यायातला नाश्ता. उठलेला येशू तळ्याकाठी निखारे पेटवून मित्रांसाठी मासे भाजतो आणि "या, न्याहारी करा" म्हणतो. वसईच्या घराला याहून जवळचं काय असणार? ईस्टरच्या सकाळी पाव आणि तव्यावरची मांदेली, मूल वाढणार. चिमीने पाच ताटं वाढली. चौथं शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या बाईंचं होतं. पाचवं व्हिडिओवर डॅडींसमोर धरलं, आणि ते फोनवरच रडले.

अंथरूण एका आठवड्यात कोरडं झालं असं नाही. मे गेला, वडील येऊन परत गेले, तेव्हा पुन्हा दोन रात्री ओलं झालं. मग थांबलं.

जूनमध्ये आजी एकटी भेटायला आली. म्हणाली, कबरीच्या उशाला आम्ही सदाफुली लावली आहे. चिमी अजून बाटली आणते, तीच शाळेची. मी विचारलं, आता ती काय म्हणते?

"विचारलं मी. म्हणाली, आजी, हे झाडाला."