व्हिबोर्गचा किल्ला कुणाचा?

प्रश्न: माझा भाऊ जहाजावर असतो. रशियातल्या व्हिबोर्गमधून त्याने बेटावरच्या किल्ल्याचा फोटो पाठवला, म्हणतो इथे पूर्वी स्वीडनचा गव्हर्नर बसायचा. खरंय का दादा? (एक वाचक, देवगड)

उत्तर: ताई, अगदी खरंय! तो किल्ला स्वीडिश लोकांनी १२९३ च्या सुमारास बांधायला घेतला, आपल्या सिंधुदुर्गासारखाच चारी बाजूंनी पाणी, आणि मधोमध तो उंच पांढरा बुरूज, तोच फोटोत दिसतो. आधी तिथे किल्लेदार सगळंच बघायचा, पण १६३४ मध्ये स्वीडनने नवीन राज्यव्यवस्था लिहून काढली, जिल्हे पाडले आणि प्रत्येकावर राजाचा माणूस नेमला, त्याला म्हणायचे लान्सहोव्दिंग. गव्हर्नर म्हटलं की आपल्याला राज्यपाल आठवतात, पण मला विचाराल तर हा माणूस आपल्या कलेक्टरच्या जास्त जवळचा, सारा वसुली, रस्ते, कायदा-सुव्यवस्था सगळं त्याच्याकडे.

तेव्हा फिनलंड स्वीडनच्याच ताब्यात होतं आणि व्हिबोर्ग त्यातच मोडायचं, म्हणून या सगळ्यांच्या वर कधीकधी अख्ख्या फिनलंडचा गव्हर्नर-जनरल असायचा. त्यातला पेर ब्राहे मला फार आवडतो, १६४० मध्ये तुर्कूला विद्यापीठ काढलं, नवी गावं वसवली, आजही फिनलंडमध्ये एखादी गोष्ट अगदी वेळेवर झाली की 'काउंटच्या (म्हणजे सरदाराच्या) काळात' झाली म्हणतात, तो काउंट म्हणजे हाच असं मानतात.

१७१० मध्ये, म्हणजे इकडे कान्होजी आंग्रे किनारा गाजवत होते तेव्हा, झार पीटरने व्हिबोर्ग घेतलं आणि १७२१ च्या तहात स्वीडनने ते कायमचं सोडलं. भावाला सांगा, बुरुजावर चढता आलं तर नक्की चढ!